आधी विचारणा, मग मांडणी

दुकान मांडण्यापूर्वी गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारावेत, ही अमेरिकन जाहिरातवाल्यांची विद्या होय, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. चार्ल्स कूलिज पार्लिन याने १९११ साली कर्टिस या प्रकाशनसंस्थेत बाजारसंशोधनाचे काम सुरू केले, हे खरे. परंतु घरोघर जाऊन माणसांची रीतसर चौकशी करण्याची पद्धत त्याच्याही आधी गरिबांच्या उंबऱ्यावर रुजली होती.

१८९९ साली इंग्लंडातील यॉर्क शहरी सीबोम राउन्ट्री या चॉकलेट कारखानदाराच्या मुलाने ११,५६० कामगार कुटुंबांची पाहणी करविली. मजुरी किती, भाडे किती, घरात खाणारी तोंडे किती, याची नोंद झाली. शहरातले २०,३०२ लोक, म्हणजे शेकडा २८ च्या आसपास, दारिद्र्यात असल्याचे दिसले. ज्यांची मिळकत नुसत्या शरीरधारणेलाही पुरत नव्हती, त्यांच्यातील निम्म्याहून अधिक लोकांच्या घरचा कर्ता रोज कामावर जात होता. मजुरीच अपुरी होती. गरीब तो आळशी, हा सुखवस्तूंचा लाडका समज त्या आकड्यांनी मोडून काढला. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना या पाहणीचे मोल वाटते ते यासाठी.

पुढे त्याच राउन्ट्री कारखान्याने ही रीत व्यापाराला लावली. हजारो गिऱ्हाइकांना आणि दुकानदारांना विचारून, कोणती चॉकलेटे, कशा पेटीत, काय किमतीला हवीत हे ठरविले आणि १९३३ साली ‘ब्लॅक मॅजिक’ नावाची साधी काळी पेटी बाजारात आणली. ती खपली, आणि दीर्घकाळ खपत राहिली.

आता उलट उदाहरण पाहा. नोव्हेंबर १९९९ मध्ये ‘बू डॉट कॉम’ या कंपनीने लंडनहून कपड्यांचे दुकान इंटरनेटवर उघडले. चित्रे फिरत होती, पोशाख सर्व बाजूंनी न्याहाळता येत होता, सल्ला द्यायला एक चित्रातली बाईही होती. परंतु त्या काळी बहुतेक घरांत इंटरनेट येई ते टेलिफोनच्या तारेवरून, मुंगीच्या पावलाने. दुकानाचे दार उघडेपर्यंत गिऱ्हाइकाचा धीर सुटे. मॅकिन्टॉश संगणकवाल्यांना तर सुरुवातीला आतच जाता येईना. तुमच्या घरी यंत्र कोणते, तार कशी, हा साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्या मांडणीत कुठेच दिसत नव्हते. सुमारे १३.५ कोटी डॉलर खर्चून मे २००० मध्ये कंपनी बुडाली. भांडवल गेले ते भांडवलदारांचे. नोकरी गेली ती मात्र शेकडो नोकरांची. मांडणी ठरविताना त्यांना कोणी विचारले असेल, असे आम्हांला वाटत नाही.

आज आपल्या गावचा कापडवाला किंवा लोणची-पापड विकणारा महिला बचतगटही वेबसाइट काढतो. त्याने आधी रंग आणि चित्रे निवडण्याची घाई करू नये. माल कोण घेतो, तो मोबाइलवर पाहतो की संगणकावर, त्याला कोणती भाषा सोयीची, पैसे कसे देतो, शेजारचा दुकानदार काय देतो आणि काय देत नाही, हे पंधरा-वीस माणसांना समोर बसवून विचारावे. गल्ल्यावरचा नोकर आणि माल पोहोचविणारा पोऱ्या यांनाही विचारावे. गिऱ्हाइकाची कुरकूर मालकाच्या आधी त्यांच्या कानी पडते. मग न आवडणारे उत्तरही वहीत उतरवावे. यॉर्कच्या पाहणीत निघालेले उत्तर तिथल्या कित्येक मालकांना रुचणारे नव्हते; तरी ते १९०१ साली छापले गेले, आणि म्हणूनच ते आजही उपयोगी पडते.

विचारण्याला खर्च थोडा येतो. न विचारण्याची किंमत मोठी असते, आणि ती बहुधा दुसऱ्याच्याच पगारातून वसूल होते.