मोडीतली राखीव जागा

साध्या मजकुरासाठी आखलेल्या हलक्या लेखनपद्धतींपुढे एक प्रश्न हटकून येतो: लेखकाने ओळी आणि मोकळ्या जागा जशा टाकल्या तशाच राखणारा भाग त्यांत हवा की नको? 2004 च्या मार्कडाउनने तो ठेवला. 2019 मध्ये निघालेल्या जेमिनीने ठळक-तिरकी अक्षरेही वगळली, पण हा भाग मात्र सोडला नाही. वाद संगणकवाल्यांचा वाटतो खरा. पण त्यात साक्ष काढायचीच तर मराठी कारकुनाइतका जाणता साक्षीदार मिळणार नाही. लिहिण्यातले ओझे कमी करण्यात त्याची हयात गेली होती.

त्याच्या मोडी लिपीचा उगम परंपरा हेमाडपंताकडे, म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या दरबारात नेते. उगम कुठलाही असो, या लिपीतून जे टाकता येईल ते दप्तरदारांनी टाकले. बोरूने पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे टांगत जायचे. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पत्राला एवढे पुरते. कागद अरुंद असला तर ओळी वाढतात, अर्थ तोच राहतो. गो. स. सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दप्तराचे 45 खंड काढले. पत्रे देवनागरीत छापताना मूळ ओळींची लांबी गेली, पण वाचणाऱ्याचे काही अडले नाही.

हिशेबाचा कागद मात्र वेगळा दिसतो. मथळ्याच्या शब्दातून लांब रेघ निघते आणि तिच्या पोटात तपशील येतो: आधी एकूण रक्कम, खाली तिची फोड, फोडीची फोड आणखी आत सरकवून. समजा, जमा 500 रुपये. त्यात एका गावचे 300, दुसऱ्याचे 200. पहिल्या गावच्या 300 पैकी खरिपाचे 180 आणि रब्बीचे 120. कागदावर हे आकडे आपापल्या जागी बसले की पैकी कोण कोणाचे हे नजरेलाच कळते. तेच पत्रासारखे सलग लिहा: 500, 300, 180, 120, 200. नवखा उमेदवार बेरीज करून 1300 सांगेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात एकेक ताव हाताने उचलला जाई, तो काही फुकटचा माल नव्हता. तरी शब्दांमध्ये बोटभर जागा न सोडणारा कारकून हिशेबात अर्धे पान कोरे ठेवी. ती सजावट असती तर सगळ्यात आधी तीच गेली असती. ग. चि. वाड यांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशा छापतानाही हिशेब आला की आकडे पायरीपायरीनेच बसवावे लागले.

यावर कोणी म्हणेल, मोकळ्या जागेवर भिस्त कशाला, सरळ रकाने आखा. सातबारा तेच करतो. तिथे रकान्याचे नाव अर्थ सांभाळते. आक्षेप वजनदार आहे, पण रकाने आखायला काय विचारायचे ते आधी ठाऊक असावे लागते, आणि फोडीच्या पोटात किती फोडी निघतील हे हिशेब लिहून होईपर्यंत कळत नाही. शिवाय आखीव नमुनाही नकलताना जसाच्या तसाच उतरवावा लागतो. सगळा मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि महसुलाचे बरेचसे दप्तर उर्दूत. तिथे रकाने उजवीकडून सुरू होतात. जमिनीच्या नोंदवहीतले एक नाव उचलून मराठीत लिहिले आणि ते कितव्या रकान्यातले हे गाळले, तर ते मालकाचे की कुळाचे हेही सांगता येत नाही. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातल्या जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज पडली ती केवळ अक्षरांसाठी नव्हती. नोंद कुठल्या जागी आहे, हेही त्यांनाच पाहायचे होते.

दुसरी तक्रार मला अधिक पटते. जागा गोठवलेला मजकूर मोबाईलच्या अरुंद पडद्यावर मावत नाही, आणि पडदा ऐकून वाचणाऱ्या अंध माणसाला आत सरकवलेला आकडा ऐकूच येत नाही. जेमिनीने यावर अर्धामुर्धा तोडगा काढला: भाग उघडणाऱ्या तीन चिन्हांपुढेच आत काय आहे ते शब्दांत लिहिता येते. मोडी कागदांवरही हिशेबाच्या डोक्यावर तो कशाचा आहे हे लिहिलेले असतेच. तेव्हा भाग हवा, पण हिशेबापुरता. पत्रात तो वापरू लागलो तर प्रत्येक लेखक आपल्या पानाची रुंदी दुसऱ्यावर लादणार, आणि ते कारकुनानेही कधी केले नाही: तपशील संपला की पुन्हा पानभर रेघ, आणि तिच्याखाली सलग मजकूर.