नापास नक्की कोण झालं? सीपॅन टेस्टर्सची गोष्ट

मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात आपण बहुतेक वेळा कोड लिहिणाऱ्यांची नावं घेतो. आज आपण दुसऱ्या बाजूच्या माणसांबद्दल बोलणार आहोत. दुसऱ्याने लिहिलेला कोड आपल्या यंत्रावर चालवायचा आणि 'चालला' किंवा 'नाही चालला' एवढंच कळवायचं, हे काम वर्षानुवर्षं फुकट करणारी ही माणसं. काम साधं दिसतं. पण अशा निकालांचा ढीग वाढत गेला की त्याचं करायचं काय, हा प्रश्न अजिबात साधा नाही. तो पर्ल या संगणकभाषेच्या समुदायाला कसा भेडसावला आणि त्यांनी तो कसा हाताळला, हे आपण पाहू.

लॅरी वॉल यांनी 1987 साली पर्लची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यासोबत चाचण्याही होत्या. चाचणीची रीत अगदी सुटसुटीत: आधी एकूण किती चाचण्या आहेत ते छापायचं, मग प्रत्येकीपुढे 'ओके' किंवा 'नॉट ओके'. माणसालाही वाचता येतं, यंत्रालाही. पुढे पर्लचं पॅकेज लिहिणारे बरेच जण सोबत अशा चाचण्या देऊ लागले, आणि इन्स्टॉल करण्याआधी त्या चालवायच्या हा शिरस्ताच पडला.

1995 साली सीपॅन सुरू झालं. कॉम्प्रिहेन्सिव्ह पर्ल अर्काइव्ह नेटवर्क, म्हणजे पर्लच्या पॅकेजेसचं सार्वजनिक कोठार. इथे लेखकाने नाव नोंदवायचं आणि आपलं पॅकेज चढवायचं. आत येण्यापूर्वी ते तपासणारा कुणी दारावर बसलेला नाही. कोठार भराभर वाढलं ते या मोकळेपणामुळेच. पण आता अडचण बघा. लेखकाकडे एखादंच यंत्र, समजा लिनक्सवालं. वापरणाऱ्यांकडे मात्र विंडोज, सोलारिस, फ्रीबीएसडी, आणि पर्लच्या वेगवेगळ्या आवृत्त्या. लेखकाकडे सगळं 'ओके', आणि दुसऱ्या टोकाला कुणाकडे ते बांधलंही जात नाही. हे लेखकाला कळणार कसं?

1998 साली ग्रॅहम बार आणि ख्रिस नँडर यांनी यासाठी सीपॅन टेस्टर्स हा उपक्रम सुरू केला. स्वयंसेवकाने पॅकेज उतरवायचं, चाचण्या चालवायच्या आणि निकाल ईमेलने पाठवायचा. ईमेलच्या विषयाच्या ओळीत शेरा, पॅकेजचं नाव, आवृत्ती आणि यंत्राचा प्रकार. ही एक ओळ म्हणजेच नोंद. शेरे चार: पास, फेल, एनए आणि अननोन. एनए म्हणजे हे पॅकेज या यंत्रासाठी किंवा पर्लच्या या आवृत्तीसाठी नाहीच. अननोन म्हणजे चाचण्या नाहीत किंवा निकाल ठरवता येत नाही. नुसतं पास-नापास पुरत नाही, 'लागू नाही' आणि 'सांगता येत नाही' हीसुद्धा प्रामाणिक उत्तरं आहेत, हे या चार शेऱ्यांमध्ये मान्य केलेलं आहे. आपल्याला हे फार महत्त्वाचं वाटतं.

सुरुवातीला बरंचसं काम हाताने व्हायचं. मग त्यासाठी साधनं आली, 2006 मध्ये डेव्हिड गोल्डन यांचं सीपॅन-रिपोर्टर आलं. आता रात्रभर यंत्र चालू ठेवलं की एकच माणूस निकालांचा पाऊस पाडू शकत होता. इथेच खटके उडू लागले. लेखकाने सकाळी टपाल उघडावं तर एकाच बिघाडाचे ढीगभर 'फेल'. त्यातले काही पॅकेजच्या दोषामुळे नव्हतेच. कुठे टेस्टरच्या यंत्रावर लागणारी दुसरी लायब्ररी नव्हती, कुठे त्याचंच पर्ल अर्धवट बसवलेलं. लेखक काम करतो फुकट, टेस्टरही फुकट, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा आपला वेळ खातोय. असा राग साचला तर लोक निघून जातात, आणि स्वयंसेवी कामात गेलेला माणूस सहसा परत येत नाही.

मग समुदायाने काय केलं? एक, निकाल पाठवण्याआधीच चाळायला सुरुवात केली. अवलंबून असलेली पॅकेजेस जागेवर नसतील तर तो 'फेल' पाठवायचाच नाही. दोन, लेखकांसाठी एक संकेत ठरला: आवश्यक गोष्ट सापडली नाही तर बांधणीची फाइल तयार न करताच शांतपणे थांबायचं, म्हणजे नापासाचा शेरा बसत नाही. तीन, 2008च्या सुमारास टेस्टरकडून लेखकाला परस्पर जाणारे ईमेल थांबवले गेले. त्याऐवजी मध्यवर्ती ठिकाणाहून गोषवारा जाऊ लागला. काय हवं आणि किती वेळा हवं, ते लेखकाने ठरवायचं.

चौथा बदल साठवणुकीचा. ईमेलची यादी एवढा भार पेलेना. म्हणून 2010 मध्ये निकाल मेटाबेस नावाच्या नव्या व्यवस्थेत जाऊ लागले. तिथे निकाल म्हणजे नुसता मजकूर न राहता रचना असलेली नोंद झाली. पुढे निकालांची संख्या कोटीच्या पलीकडे गेली. एवढ्या नोंदी एकेक करून कोण वाचणार? म्हणून तक्ते आले: एका बाजूला पर्लच्या आवृत्त्या, दुसऱ्या बाजूला ऑपरेटिंग सिस्टिम, मध्ये हिरवी-लाल घरं. आन्द्रेआस कोनिग यांनी तर निकालांवर संख्याशास्त्र लावलं. समजा नापास झालेल्या सगळ्या यंत्रांवर एका विशिष्ट लायब्ररीची जुनी आवृत्ती आहे आणि पास झालेल्यांवर नवी. मग दोष कुठे शोधायचा, याचा माग आपोआप लागतो.

या सगळ्यात एक गोष्ट कधीच केली गेली नाही. 'फेल' आला म्हणून पॅकेज कोठारातून काढलं गेलं नाही. निकाल म्हणजे साक्ष, शिक्षा नव्हे. 'माझ्या यंत्रावर, या परिस्थितीत, असं झालं' एवढंच टेस्टर सांगतो. त्याचं काय करायचं ते लेखक ठरवतो, आणि पॅकेज घ्यायचं की नाही ते वापरणारा.

आपल्याकडे 'नापास' हा शब्द माणसाला चिकटतो. सीपॅन टेस्टर्सच्या इतिहासात तो हळूहळू माणसापासून सोडवून परिस्थितीला जोडलेला दिसतो. ते करायला तंत्रज्ञान लागलं हे खरं. पण त्याहून जास्त लागला तो कुणाला, कधी आणि किती सांगायचं याचा विचार. आजही बहुतेक निकाल मोजक्याच माणसांच्या यंत्रांवरून येतात आणि व्यवस्था चालवणारेही थोडेच. म्हणून पुढच्या वेळी एखादं मुक्त पॅकेज आपल्या संगणकावर मुकाट्याने बसलं, तर एवढं लक्षात ठेवू या: बहुधा आपल्याआधी कुणीतरी ते आपल्यासारख्याच यंत्रावर चालवून पाहिलेलं असतं, आणि कळवण्याची तसदीही घेतलेली असते.