नाताळचे पत्र आणि रंगाऱ्याचा ठसा

सन १८४३ च्या नाताळात लंडनच्या हेन्री कोल नामक उद्योगी गृहस्थाने, स्नेह्यांच्या पत्रांना एकेक करून उत्तरे लिहिण्याच्या व्यापातून सुटका व्हावी म्हणून, जॉन कॅलकॉट हॉर्सली ह्या चित्रकाराकडून एक शुभेच्छापत्र चितारून घेतले आणि त्याच्या सुमारे हजार प्रती शिळाछापावर काढून, स्वतःच्या वापरातून उरलेल्या एका शिलिंगास एक ह्या दराने विक्रीस ठेवल्या, तेव्हा आपण एका जगद्व्यापी रिवाजाचा पाया घालीत आहोत अशी कल्पना त्याच्या मनास शिवली असेल असे वाटत नाही. द्राक्षवेलींच्या मांडवात पाडलेल्या तीन खणांपैकी दोन बाजूंच्या खणांत भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र देण्याची दृश्ये होती, तर मधल्यात प्याले उंचावून बसलेले एक कुटुंब होते. त्यातील एका लहानग्याच्या ओठांशी मद्याचा प्याला पाहून मद्यपाननिषेधाच्या कैवाऱ्यांनी गहजब केला. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी बाब निराळीच आहे. ती ही की, छापखान्यातून बाहेर पडले ते निव्वळ रेषांचे चित्र, आणि पुढे प्रत्येक प्रतीवर रंग भरला तो माणसाने हाती कुंचला धरून.

त्या वर्षी आमच्या भंडारा जिल्ह्यावर नागपूरच्या तिसऱ्या रघूजी भोसल्यांचा अंमल होता. डिसेंबर १८५३ मध्ये ते निपुत्रिक निवर्तले, गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, आणि दुसऱ्याच वर्षी पाव तोळा वजनाचे पत्र अर्ध्या आण्याच्या तिकिटावर हिंदुस्थानात वाटेल तेथे पोहोचविण्याची व्यवस्था सरकारने सुरू केली. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग ह्या जिल्ह्यातून धावू लागला. शुभेच्छापत्राचा रिवाज हा मुळात टपालाच्या स्वस्ताईचे अपत्य आहे. तेव्हा तो येथवर येण्याची वाट ह्या क्रमाने मोकळी झाली असे म्हणावयास हरकत नाही.

नाताळ मात्र आला तो मिशनरी लोकांबरोबर. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास येऊन राहिले आणि पुढे त्यांच्याच स्कॉटिश मिशनचे ठाणे भंडाऱ्यासही झाले. येथे एक मौज सांगण्यासारखी आहे. ज्या स्कॉटलंडातून ही मंडळी आली तेथील प्रेसबिटेरियन पंथीयांत नाताळचा उत्सव करण्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या नाखुषी होती, इतकी की त्या देशात नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ साली मिळू लागली. मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी तो संकोच काही पत्करला नाही. त्यांच्या घरी करंज्या तळल्या गेल्या, चकल्या झाल्या, आणि दिवाळीचा आकाशकंदील तारकेचे रूप घेऊन दारावर चढला.

आता रंगाऱ्याकडे वळू. रसेल व रायबहादुर हिरालाल ह्यांनी १९१६ मध्ये मध्यप्रांतातील जातिजमातींविषयी जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कापड रंगविणाऱ्या व छापणाऱ्या जातीस उत्तरेकडील जिल्ह्यांत छिपा आणि मराठी मुलखात रंगारी अथवा भावसार म्हणतात असे नमूद आहे. जिल्ह्यातील पवनीचे बारीक सुताचे विणकाम आणि मोहाडी-आंधळगावचे टसर ह्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु कोष्ट्याच्या मागावरून उतरलेल्या वस्त्रास ज्याच्या हातून रंग चढे, त्या रंगाऱ्याचे नाव कोणी फारसे घेत नाही. त्याची विद्या तर विलक्षण होती. प्रथम कापड हिरड्याच्या काढ्यात बुडवून वाळवीत, तेव्हा त्यावर फिकट पिवळी झाक येई. मग डिंक घालून दाट केलेले तुरटीचे पाणी तबकातल्या कापडी गादीवर ओतून, तीवर कोरीव लाकडी ठसा टेकवून, तो कापडावर ठेवीत आणि तळहाताच्या टाचेने वर एक ठोका देत. ठशाच्या कोपऱ्यावरील बारीक टोके मागील छापाच्या खुणांशी जुळली की ओळ सरळ चाले. मात्र तुरटीस स्वतःचा रंग नसल्यामुळे आपण कोठे छापले हे दिसावे म्हणून तीत चिमूटभर गेरू मिसळावा लागे, आणि तोही पुढे धुऊन जाई. कापड वाहत्या पाण्यात धुऊन आली नावाच्या झाडाच्या मुळांबरोबर कढईत उकळले म्हणजे जेथे तुरटी लागली होती तेथेच लाल रंग खुले. गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून केलेल्या काटाने जेथे छापले असेल तेथे तो काळा होई. एकाच कढईतून, एकाच मुळाचे, दोन रंग! ज्या कारागिराला आपल्या कामाचा खरा रंग उकळून निघेपर्यंत दिसतच नाही, त्याच्या हाताच्या भरवशास काय म्हणावे?

ह्या विद्येचा घात झाला तो दूरवर, बर्लिनमध्ये. तेथे १८६८ साली ग्रेबे व लीबरमान ह्या रसायनवेत्त्यांनी मंजिष्ठेतील लाल द्रव्य, अलिझरीन, कोळशाच्या डांबरातून सिद्ध केले; पुढील काही दशकांत ते पुड्यांतून बाजारोबाजार पोहोचले, आणि वर्षानुवर्षे जमिनीत वाढवून खणून काढाव्या लागणाऱ्या आलीच्या मुळांस गिऱ्हाईक उरले नाही. आलीची शेती बसली आणि रंगाऱ्याची कढई तिच्यामागून थंडावली. ज्या जर्मनीने हे केले तिच्याच छापखान्यांत त्याच काळात रंगीत शिळाछापाची कला भरास आली. प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा घेऊन एकावर एक छाप चढविण्याच्या ह्या युक्तीमुळे इंग्लंडच्या बाजारात विकली जाणारी नाताळपत्रे राशींनी जर्मनीत छापून येऊ लागली, आणि मूळचा ब्रेस्लाऊचा लुई प्रांग हा बोस्टनमध्ये स्थायिक होऊन १८७५ पासून अमेरिकेस तशीच पत्रे पुरवू लागला. कोलचे पत्र हाताने रंगविणाऱ्या लंडनच्या कामकऱ्यांची मजुरी आणि आमच्या रंगाऱ्याची रोटी एकाच पिढीत, यंत्र व रसायन ह्या दोन भावंडांनी हिरावून घेतली. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. रंगीत चित्र गरिबाच्या भिंतीवर आले हा त्यातला लाभ खरा, आणि मी तो नाकारीत नाही. पण जमाखर्चाची दुसरी बाजू कोणत्याही दफ्तरात मांडलेली आढळत नाही.

हाताने केलेले पत्र पुन्हा आले ते विरंगुळा म्हणून. आपल्या प्राथमिक शाळांतून ठसेकाम शिकवितात. आडवी कापलेली भेंडी रंगात बुडवून कागदावर दाबली की पाच पाकळ्यांचे फूल उमटते, बटाट्यावर हवा तो आकार कोरता येतो, आणि डिसेंबर आला की ह्याच सामग्रीतून घडी घातलेल्या जाड कागदावर तारका, घंटा व मेणबत्त्या अवतरतात. बटाटा ओला असल्याने त्याचा पहिला छाप नेहमी पसरतो. म्हणून तो आधी रद्दी कागदावर टिपून घ्यावा, आणि बाह्यरेषेचा ठसा पुरता वाळल्यावरच आत जलरंग भरावा, नाहीतर रेषा रंगात विरघळते. कोलच्या पत्रातील कामाचा क्रमही हाच होता: रेषा छापाची, रंग हाताचा.

एक तक्रार मात्र नोंदवून ठेवतो. मुलांच्या ह्या पत्रांवर बर्फाने लवलेले सूचिपर्ण वृक्ष असतात, आणि बाहेर त्याच वेळी धान कापून झालेल्या बांध्यांत लाखोरी निळ्या फुलांवर येत असते. भंडाऱ्याहून जाणाऱ्या नाताळपत्रावर हे फूल असावयास काहीच हरकत नाही. भेंडीने ते साधणार नाही, कारण ते वाटाण्याच्या फुलासारखे फुलपाखराच्या घडणीचे असते. त्यासाठी जुन्या खोडरबरावर ठसा कोरावा लागेल, आणि निळीत पाणी बेताचेच घालावे लागेल.