सात वर्षांच्या आतली माणसं

नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं, तेव्हाची गोष्ट. १९३८ साली मंत्री रविशंकर शुक्ल यांची शिक्षणाची ‘विद्यामंदिर’ योजना इथे गाजत होती. त्याआधी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला, वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने ‘नई तालीम’चा आराखडा केला, तो सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी.

सातच्या आतलं पोर मात्र त्या हिशेबात नव्हतं.

जानेवारी १९४५मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या परिषदेत ही उणीव भरून निघाली. शिक्षण जन्माआधीपासून मरेपर्यंत, असा नवा पट मांडला गेला आणि त्यात ‘पूर्व-बुनियादी’ला, म्हणजे सातच्या आतल्या मुलांच्या शिक्षणाला, जागा मिळाली. शांतिनिकेतनातून आलेल्या आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याच्या, नई तालीमचं काम पाहणाऱ्या तालीमी संघात शांता नारुलकर यांनी हे काम उभं केलं. त्यांच्या आखणीत अक्षरओळख पहिली येत नाही. आधी येतो आहार, औषधपाणी, अंगाची आणि परिसराची स्वच्छता. मग स्वतःचं काम स्वतः करणं, चार जणांत वागणं. भाषा, गणित, निसर्गाची ओळख, चित्र आणि गाणं यांना त्याच दिनक्रमात वाट मिळते. हात धुणारं, केर काढणारं चार वर्षांचं मूल तिथे मोठ्यांना मदत करत नसतं. ते त्याचं स्वतःचं काम असतं.

लहान मुलाला हातांनी शिकू द्या, हे सांगणाऱ्या मारिया माँटेसरींना तोवर भारतात येऊन पाच वर्षं झाली होती. गांधीजींची आणि त्यांची भेट १९३१मध्येच लंडनला झालेली. अडचण होती ती साहित्याच्या किमतीची. माँटेसरीची ती घडीव साधनं खेड्यातल्या शाळेला कुठून परवडणार?

याच प्रश्नाला ताराबाई मोडकही भिडल्या होत्या. लग्नानंतर काही वर्षं त्या अमरावतीला होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करून १९२६मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला. सेवाग्रामच्या परिषदेच्याच वर्षी त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. खडे, शिंपले, बिया, पानं हेच तिथलं साहित्य. मुलं केंद्रात येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. १९७५मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं.

सेवाग्रामची नई तालीमची शाळा मधल्या काळात बंद पडली. २००५मध्ये नई तालीम समितीने त्याच आवारात ‘आनंद निकेतन’ सुरू केलं. शेती, स्वयंपाक आणि सूतकताई आता तिथल्या वेळापत्रकात आहे.