एकाच टर्नमध्ये दोन स्पेल टाकता येतात का? डी अँड डीचा गोंधळात टाकणारा नियम समजून घ्या

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. तेव्हापासून स्पेलचे, म्हणजे मंत्रांचे नियम अनेकदा बदलले. वाद मात्र संपले नाहीत.

समजा, सोलापुरात चौघं मित्र खेळायला बसलेत. समोर राक्षस उभा आहे, एक साथीदार शून्य हिट पॉइंटवर पडलाय. क्लेरिक म्हणतो, “हीलिंग वर्डने त्याला उठवतो, आणि गायडिंग बोल्टने राक्षसालाही मारतो.” चालेल का? उत्तर टेबलावर कोणतं पुस्तक आहे, त्यावर ठरतं.

२०१४ चं पुस्तक काय सांगतं?

बोनस ॲक्शनने स्पेल टाकला, तर त्याच टर्नमध्ये दुसरा फक्त एका ॲक्शनचा कँट्रिप चालतो. कँट्रिप म्हणजे स्लॉट खर्च न होणारा स्पेल. त्यामुळे हीलिंग वर्डसोबत सेक्रेड फ्लेम चालेल, गायडिंग बोल्ट नाही.

पण हे बंधन बोनस ॲक्शनच्या स्पेलपुरतंच आहे. म्हणून फायटरची ॲक्शन सर्ज मिळवलेला विझार्ड एकाच टर्नमध्ये दोन फायरबॉल टाकू शकतो!

२०२४ मध्ये काय बदललं?

नियम सोपा झाला: एका टर्नमध्ये स्पेलसाठी एकच स्लॉट खर्च करता येतो. ॲक्शन असो, बोनस ॲक्शन असो की रिॲक्शन. ॲक्शन सर्जच्या जादा ॲक्शनने आता स्पेल टाकता येत नाही. स्क्रोलमधल्या स्पेलला मात्र स्लॉट लागत नाही, त्यामुळे आपला क्लेरिक गायडिंग बोल्ट स्क्रोलवरून टाकू शकतो.

टर्न आणि राउंड एकच का?

नाही. राउंड सहा सेकंदांचा असतो आणि त्यात प्रत्येकाचा एक टर्न येतो. म्हणूनच स्वतःच्या टर्नमध्ये स्लॉट वापरला, तरी शत्रूच्या टर्नमध्ये रिॲक्शनने शील्ड किंवा काउंटरस्पेल टाकता येतो. रिॲक्शन एकदाच मिळते, पुढची थेट तुमचा पुढचा टर्न सुरू झाल्यावर.

हेही लक्षात ठेवा

• कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल एका वेळी एकच. ब्लेस चालू असताना स्पिरिट गार्डियन्स टाकला की ब्लेस संपतो.

• दोन क्लेरिकनी एकावरच ब्लेस टाकला, तरी फायदा एकाचाच मिळतो.

ऐन लढाईत वाद नको असेल, तर कोणतं पुस्तक चालणार हे डंजन मास्टरला आधीच विचारून घ्या.