हुजूर दफ्तरातील ताळा

पेशव्यांच्या पुण्यातील हुजूर दफ्तरात, म्हणजे त्यांच्या मध्यवर्ती कचेरीत, भरभराटीच्या काळी दोनशेहून अधिक कारकून खपत असत, आणि त्यांच्या श्रमाचा मोठा भाग नवे काही लिहिण्यात नव्हे, तर दूरदूरच्या कचेऱ्यांत निरनिराळ्या हातांनी लिहिलेले हिशेब परस्परांशी ताडून पाहण्यात खर्ची पडे, ही गोष्ट लढायांच्या वर्णनात रमणाऱ्या आपल्या इतिहासप्रेमाला फारशी जाणवत नाही.

गावचा हिशेब कुळकर्णी लिही, परगण्याचा देशपांडे. दोघेही वतनदार, म्हणून वसुलीवर नेमलेल्या मामलेदाराच्या मर्जीवर त्यांची भाकरी अवलंबून नसे. खुद्द मामलेदाराच्या कचेरीतील दरकदारांनाही, म्हणजे वंशपरंपरागत अधिकाऱ्यांनाही, बडतर्फ करण्याचा अखत्यार त्याला नव्हता. तेथे फडणीस रोजकीर्द ठेवी, तीवरून दफ्तरदार खतावणी करून दरमहा गोषवारा हुजुरास रवाना करी, आणि वसूल व शिल्लक यांची नोंद पोतनीस वेगळी राखी. वर्षअखेर मामलेदाराचा हिशेब पुण्यास आला, तरी देशमुख-देशपांड्यांच्या कागदांशी त्याचा मेळ बसल्यावाचून तो मंजूर होत नसे. हुजूर दफ्तरात चालू कामाचे ते चालते दफ्तर. एकबेरीज दफ्तर कायम पुण्यातच असे, आणि सर्व खात्यांचे हिशेब तेथे एकत्र मांडून जमा, खर्च व शिल्लक यांचा तर्जुमा सिद्ध होई.

परंतु दोन कागद शेजारी ठेवले म्हणजे ते जुळतातच असे नाही. वडगाव नावाची गावे कितीतरी. म्हणून मौजे, तर्फ, परगणा अशी सारी साखळी लिहावी लागे, आणि बुद्रुक की खुर्द हेही विसरून चालत नसे. कालगणनेचा घोटाळा याहून सूक्ष्म होता. दफ्तरात वापरला जाणारा शुहूर सन सौर, मृग नक्षत्रापासून सुरू होणारा. तारखा मात्र मुसलमानी चांद्र महिन्यांच्या, आणि चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी आखूड, त्यामुळे एकाच सनात आरंभीची एखादी तारीख अखेरीस पुन्हा उगवू शके. त्यात चांदवडी, अंकुशी अशी नाणी भिन्न, म्हणून त्यांच्या मूल्यातील फरक, म्हणजे बट्टा, हिशेबात धरल्यावाचून रकमांची तुलना व्यर्थ. आज निरनिराळ्या खात्यांचे तक्ते संगणकाच्या एका डॅशबोर्डावर जोडू पाहणाऱ्यास यातील एकही अडचण अपरिचित वाटणार नाही. केवळ त्याला नाणी पारखून बट्टा कापणारा पोतदार भेटत नाही, एवढेच.

दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत ही व्यवस्था ढासळली. दफ्तराकडे दुर्लक्ष झाले आणि कागद घरी नेण्यासही लोकांना मोकळीक मिळाली, हे खरे. तथापि माझ्या मते खरा घाव मक्त्याचा होता. मामलत चढ्या बोलीने विकली गेली की सरकारला मक्त्याच्या एका रकमेशीच कर्तव्य उरते, आणि रयतेकडून प्रत्यक्षात काय उकळले गेले हे दुसऱ्या कागदाशी ताडून पाहण्याचे प्रयोजनच नाहीसे होते.

१८१८ नंतर दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. ते तपासणाऱ्या मॅक्लिओड या इंग्रज अधिकाऱ्यास त्यात १७२९ पासूनचे कागद बव्हंशी सलग आढळले. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनाने दक्षिणेतील सनदा तपासावयास घेतल्या, तेव्हा त्याने याच दफ्तरातील रुमालांचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांचा, आधार घेतला. घरातील पेटीत सनद जपून ठेवलेली असली, तरी सरकारी हिशेबात त्या इनामाचा दाखला न निघाल्यास दावा फेटाळला जाण्याची धास्ती होती, आणि या तपासणीत पुष्कळ घराण्यांची उत्पन्ने खालसा झाली.