टेबलावर ठेवलं, म्हणजे नक्की काय केलं?

आजचा भाग एका टेबलाबद्दल आहे. आणि माझ्या फुकट गेलेल्या एका शनिवार-रविवारबद्दल.

मी पनवेलचा, मराठी माध्यमाचा. बीटेक झाल्यावर नोकरी लागली आणि अमेरिकेतल्या टीमबरोबर रोज कॉल सुरू झाले. एका शुक्रवारी रात्री तिकडच्या मॅनेजर बाई माझ्या मॉड्यूलबद्दल म्हणाल्या, ‘लेट्स टेबल इट.’ मी मनातल्या मनात मराठी केलं: पटलावर ठेवा. आमचे बाबा अधिवेशनाच्या बातम्या कधी चुकवत नाहीत. ‘कॅगचा अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला’ हे मी लहानपणापासून ऐकतोय. म्हणजे विषय सगळ्यांसमोर आणायचा! पेणला मावसबहिणीचा साखरपुडा होता, तो सोडून दोन दिवस कोड लिहीत बसलो. सोमवारी सगळं मांडलं, तर पलीकडे शांतता. त्यांनी तो विषय बाजूला ठेवायला सांगितला होता.

वाटलं, शेवटी आपलं इंग्रजीच कच्चं. पण शोधायला लागलो, तर गंमत निघाली.

ब्रिटिश संसदेत अध्यक्षांच्या आसनापुढे एक खरंखुरं टेबल असतं. कागद त्यावर आला की तो सभागृहासमोर आला. ही पद्धत इंग्रजांबरोबर आपल्या विधिमंडळात आली आणि टेबलाचं मराठीत ‘पटल’ झालं.

अमेरिकेनेही टेबल इंग्लंडकडूनच घेतलं, पण तिथे लक्ष गेलं ते कागद टेबलावर पडून राहण्याकडे. त्यांच्या प्रतिनिधीगृहात ‘टेबलावर ठेवा’ असा ठराव मंजूर झाला की विषय चर्चेविनाच संपतो. हेन्री रॉबर्ट या लष्करी इंजिनिअरने (हो, इंजिनिअरच!) १८७६ साली सभेच्या नियमांचं पुस्तक काढलं. त्यातही याचा अर्थ तूर्त बाजूला ठेवणं असाच. तिथल्या संस्था-मंडळं आजही त्या नियमांवर चालतात.

बरं, या शब्दावर फक्त मीच आपटलो असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता. ‘टेबल करू’ म्हणाले. अमेरिकन अधिकाऱ्यांना वाटलं, हे तो गुंडाळून ठेवतायत. बराच वेळ कडाक्याचं भांडण झालं, आणि मग कळलं की दोघांना एकच हवंय. चर्चिलने आपल्या युद्धाच्या इतिहासात हे लिहून ठेवलंय. दोघांचीही मातृभाषा इंग्रजी, बरं का!

म्हणजे माझं मराठी भाषांतर चुकलं नव्हतं. ते लंडनच्या टेबलाचं होतं, बाई दुसऱ्या टेबलाबद्दल बोलत होत्या. चूक एवढीच की मी विचारलं नाही. मराठी माध्यमाचा आहे हे कळेल, या भीतीने गप्प बसलो.

आता सरळ विचारतो, ‘म्हणजे आत्ता करायचं की नंतर?’ कोणी हसलेलं नाही अजून. मावसबहीण मात्र अजून ऐकवते.

तुमचा असा एखादा शब्द असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!